परीचा हिरवा नाकतोडा

"रंग चुकताहेत हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?" वर्ध्याच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्याच," मी म्हणाले. साफ खोटं.

त्यांच्या हातात रंगीत ठिपक्यांचं पुस्तक होतं. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो. मी एकेक पान बघत गेले, मला नुसते ठिपके दिसले. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "ऑप्टिक न्यूरायटिस. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला इजा झाली आहे. टीबीच्या गोळ्यांमधल्या इथॅम्ब्युटॉल या औषधामुळे कधीकधी होतं. दोन आठवडे आधी यायला हवं होतं."

ते दोन आठवडे कुठे गेले, मला चांगलं ठाऊक होतं.

मी आंजीकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मानेतल्या गाठीचा टीबी निघाला तेव्हा मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. हा टीबी दुसऱ्याला लागत नाही, काम करत राहा. आणि रंग फिके किंवा वेगळे दिसले तर त्याच दिवशी या. पहिली गोष्ट मी पक्की धरली, दुसरी विसरले.

गोळ्यांचा चौथा महिना होता. अंगणवाडीच्या परसबागेत भेंडीवर कपाशीतले लाल किडे चढले होते, वालाच्या वेलावर नाकतोडे होते. मी पोरांना किडे दाखवायची, मग आत आणून चित्रं रंगवायला द्यायची. आधी मी रंगवून भिंतीवर लावणार, पोरांनी तसंच रंगवायचं. ही माझी पद्धत, आणि माझ्या पद्धतीत कोणी तोंड घालायचं नाही.

त्या दिवशी मला सगळे खडू मातकट दिसत होते. आभाळ आलंय म्हणून असेल, असं वाटलं. मी नाकतोडा रंगवून लावला. पोरं मुकाट्यानं तसाच रंगवू लागली. पाच वर्षांच्या परीनं तेवढा दुसरा खडू घेतला.

"बाई, तुमचा नाकतोडा लाल हाय. तो तं हिरवा रायते."

पोरं हसली. मला हसलेलं खपत नाही. मी तिचा कागद फाडला, तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि बाकीच्यांकडून म्हणवून घेतलं, "परीला रंग येत नाही." पोरांना ते फार आवडलं. घरी जातानाही तेच ओरडत गेली. खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

वर मी तिच्या आईला बोलावून पोरीचे डोळे तपासून आणायला सांगितलं. ती बिचारी कापूस वेचणीचं काम सोडून तिला वर्ध्याला घेऊन गेली.

"डोये साजरे हायेत म्हनते डॉक्टर. मंग काऊन चुकून राह्यली जी बाई?"

"मग डोक्यातच काही असेल."

त्या माउलीनं माझ्यासमोर पोरीच्या पाठीत धपाटा घातला. परी रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आधी माझं चित्र बघायची आणि तोच खडू उचलायची. मी म्हणायची, बघा, कशी सुधारली.

मग एका सकाळी हजेरीच्या वहीतली नावं मधोमध पुसल्यासारखी दिसली, तेव्हा कुठे मी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी इथॅम्ब्युटॉलची गोळी त्याच दिवशी बंद केली, बाकीच्या चालू ठेवल्या. मग व्हीईपी नावाची तपासणी झाली. डोक्याला तारा लावून पडद्यावरचे काळे-पांढरे चौकोन बघायचे. डोळ्यानं पाहिलेलं मेंदूपर्यंत किती वेळात पोचतं, ते त्यात कळतं. नंबर येईपर्यंत अर्धा दिवस बाकावर बसले. नजर परत येईल का, विचारलं. "काहींची येते, काहींची अर्धवट. वाट बघा," डॉक्टर म्हणाले.

अंगणवाडीतल्या मदतनीस सुमनताईंना सगळं सांगितलं. त्या भांडी घासतच म्हणाल्या, "मले तं पयल्याच दिवशी समजलं होतं. पन तुमच्या तोंडाले कोन लागन?"

तुमच्या घरात कोणाच्या टीबीच्या गोळ्या चालू असतील तर रोज सकाळी एक डोळा झाकून एखादी लाल वस्तू बघायला सांगा, मग दुसरा झाकून. रंग बदलला तर डॉक्टरकडे धावा. मनानं गोळ्या बंद करू नका. आणि घरातलं लेकरू काही बोललं तर त्याला गप्प करू नका.

पाच महिन्यांनी मला अक्षरं स्वच्छ दिसू लागली. लाल अजून फिका आहे, पण हिरवा ओळखता येतो. दवाखान्यातल्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

परवा पुन्हा नाकतोडे रंगवायला दिले. या वेळी भिंतीवर माझं चित्र लावलं नाही. सगळ्या पोरांसमोर परीजवळ जाऊन बसले.

"परी, तेव्हा तुझंच बरोबर होतं. बाईचे डोळे खराब झाले होते. आता रंगव तुझ्या मनानं."

तिनं डबीतून दोन खडू काढले, एक लाल, एक हिरवा. दोन्ही माझ्यापुढे धरले आणि माझ्या तोंडाकडे बघत हळूच विचारलं,

"बाई, आज हिरवा कोनचा म्हनू?"