पार नसलेलं पाणी

फोन आला तेव्हा मी लाखनीच्या बसस्टँडवर चहा पीत होतो. "बाबा गेले," एवढंच मामेभाऊ बोलला. आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हे, की आता विचारायचं कोणाला? त्या विचाराची लाज वाटली, अजून वाटते... पण प्रश्न काही जात नाही.

कोंढ्याचे माझे मामा एका पुढारी घराण्याच्या कोकणातल्या बंगल्यावर राखणदार होते. साहेबांचं खटलं उन्हाळ्यात समुद्रावर हवा खायला जाई, मामा बारा महिने तिथेच. म्हातारपणी गावी परतले. लहानपणी मी विचारायचो, "समुद्र कसा असते, मामाजी?"

"बोडीसारखाच. फक्त त्याले पार नाही."

बोडी म्हणजे गावतळं, आणि तळ्याच्या बांधाला आमच्याकडे पार म्हणतात. धानाच्या बांधीत वाढलेल्या मामांना बिनपारीचं पाणी बघवेना. भरती बागेत शिरू लागली तेव्हा गावाहून नेलेलं फावडं घेऊन ते भिडले, दोन हिवाळे खपले आणि दगडमातीची पार घातली... असं ते सांगत. आम्ही हसायचो, कारण मामांच्या गोष्टींत तिखटमीठ जरा जास्तच असायचं.

गेल्या वर्षी साहेबांच्या नातवाने बंगल्याचा इतिहास छापायचं ठरवलं. मी मराठीचा मास्तर, लेखन माझ्या गळ्यात पडलं. त्यांच्या टिपणात होतं, 'बांध साहेबांनी घातला.' मी ते तसंच उतरवलं, वर पदरचा 'स्वहस्ते' हा शब्दही जोडला. मामांना विचारावं हे सुचलंच नाही. की सुचलं होतं आणि मी टाळलं? आता नक्की सांगता येत नाही.

शेवटच्या भेटीत मामांनी ते पान बोट ठेवून वाचलं. म्हणाले, "भाचेबुवा, मंग मी तेथं काय करून राहिलो होतो?"

ते चिडले होते, थट्टा करत होते, की खरंच विसरले होते आणि मलाच विचारत होते? "काहून विचारलं नाही मले?" असं खडसावलं असतं तर बरं झालं असतं.

तेरवीनंतर त्यांच्या खोलीत जरा बसलो. खुंटीला फावडं आहे, चिरलेल्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेलं. कोनाड्यात पुस्तक, ते पान दुमडलेलं. त्यावर साहेबांचा फोटो, नव्या बांधावर उभे, हातात हेच फावडं, हीच तार. फोटो मीच निवडला होता. त्या दिवशी पहिल्यांदा नजर खाली गेली. साहेबांच्या पायांत पांढरेशुभ्र मोजे आहेत.