शेवंतीने सांगितलेला सिनेमाचा शेवट

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक माडाखाली कुणाला ना कुणाला काहीतरी दिसलेलं आहे... मला जन्मात काही दिसलं नाही. शिक्षण चौथी, तीही धड नाही, पण डोकं शाबूत आहे. तरी ही एक गोष्ट आहे — ती लिहितो. पटली तर बघा, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

साठ सालच्या आगेमागे असेल. मालवणात दांडीला आमचं घर. माझा धंदा सुक्या मासळीचा. बांगडे, बोंबील पोत्यांत भरायचे आणि बाबल ड्रायव्हरच्या लॉरीने फोंडाघाट चढून कोल्हापूरला न्यायचे. सकाळी माल उतरवायचा, व्यापाऱ्याशी भांडायचं, परत फिरायचं.

शेवंती माझी धाकटी बहीण. छातीचं दुखणं लागलं तशी सासरच्यांनी आणून सोडली. पडवीत खाटेवर असायची. तिला एका नटीचं भारी वेड. ट्रंकेच्या झाकणाला आतून त्या नटीचं चित्र चिकटवलेलं. सिनेमा मात्र एकदाच पाहिलेला, तंबूत. म्हणून आमचं ठरलेलं — कोल्हापूरला त्या नटीचा सिनेमा लागला की मी बघायचा आणि घरी येऊन शेवंतीला सांगायचा. गाण्यांसकट. माझा आवाज फुटक्या घागरीसारखा, पण ती हसत नसे.

ज्या खेपेची ही गोष्ट, तिच्या आधी डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन मान हलवली होती. तिलाही ते कळलं असावं. निघताना म्हणाली, "दादा, नवो सिनेमा इलो हा म्हणतत. ह्यो माका अख्खो सांग हां. मधी गाळू नको."

व्यापाऱ्याशी भांडण आटोपतं घेतलं, शेवंतीसाठी गाण्यांचं पुस्तक विकत घेतलं आणि मॅटिनीला घुसलो. बाकावर टेकतो तोच मागून एकजण ओरडला, "कुणी रं बोंबलाचं पोतं आत आणलंय?"

मी म्हटलं, "पोतं कधीच विकलं, मालक आत आहे." सगळे हसले.

इंटरव्हलनंतर थोड्या वेळाने बाबल दारातून हाका मारायला लागला. "चल मरे! ब्रेक धड नाय, काळोखाआधी घाट उतराक होयो!"

मी उठलो. त्यात माझं काही चुकलं असं मी आजही मानत नाही. आम्ही दशावतार बघून वाढलेली माणसं. मध्येच उठून घरी गेलं तरी राक्षस मरणार नि देव जिंकणार, हे ठरलेलं. इथेही तसंच... खोटारडा दीर मार खाणार, नवरा माफी मागणार, घराबाहेर काढलेली नटी परत घरी येणार. त्यात बघायचं काय?

बाबलने मला घरी सोडलं आणि तसाच पुढे गेला. दुसऱ्या दिवशी शेवंतीला सिनेमा सांगायला बसलो. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी मी नटीला घरी आणली.

"तसो नाय, दादा."

"काय तसो नाय?"

"शेवट. ती घराक जायत नाय. नदीर जाता. पायरेर बांगड्यो काढून ठेयता. नावाडी इचारता, 'अकेली?' ती होड्येत बसता. घोव धावत येता तेव्हा नुसत्यो बांगड्यो."

"सिनेमा मी बघितलंय की तू?"

"तू उठलंस मरे. बाबल आराडलो तेव्हा."

हे मी कुणाला बोललो नव्हतो. हिंदीचा एक शब्द तिला येत नव्हता. आणि गाण्यांच्या पुस्तकात शेवट छापतच नाहीत, 'पुढे पडद्यावर पाहा' म्हणतात.

मी चिडून म्हटलं, "मगे? पुढे काय?"

"पुढे होडी पलीकडे लागता. चिखल आसा. एक बायलमाणूस तिका हातान धरून वर घेता, पाय धुता. म्हणता, 'इतको उशीर, गो?' आणि गरम पेज वाढता. ती पोटभर जेवता."

ती स्वतः तेव्हा पेजेचा घोटही गिळत नव्हती.

"बनवतंस तू," मी म्हटलं.

"जावन बघ," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

पावसाच्या आधीच ती गेली.

पुढच्या हंगामात त्याच थेटरात तोच सिनेमा पुन्हा मॅटिनीला लागला. तिला खोटी पाडायलाच गेलो म्हणा ना. नदी आली. पायरीवर बांगड्या आल्या. नावाडी म्हणाला, "अकेली?" नवरा बांगड्या हातात घेऊन उभा राहिला, होडी लांब गेली, पाण्यावर 'समाप्त' उमटलं. लोक उठले. मी बसून राहिलो... होडी अजून पलीकडे लागायची होती.

डोअरकीपर आला. "उठा पाव्हणं, झाडू मारायचाय."

"पुढचं कापलं काय? ती पलीकडे पोचते ते?"

"काय कापलं न्हाई. एवढाच हाय सिनेमा. पलीकडं काय न्हाई."

अर्धा शेवट तिने कुठून तरी ऐकला असं एक वेळ धरू — कुठून, ते मला कुणी सांगावं. पण उरलेला तर त्या सिनेमात नव्हताच. तो तिला कुणी दाखवला? मी इतकी वर्षं विचार करतोय. त्या डोअरकीपरचं म्हणणं मात्र मी मान्य केलेलं नाही, आणि करणारही नाही.