मागे घेतलेली दुरुस्ती
जावईबापू नेमकं काय करतात, हे त्यांच्या सासऱ्यांना पंधरा वर्षांत कुणीच नीट सांगू शकलं नव्हतं. कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक चिपकडून काम करून घेणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. वायफायच्या एका चिपचा असा ड्रायव्हर जावईबापू सांभाळत. जगभरातले लोक तो फुकट वापरत आणि बिघडला की हक्काने पत्रं पाठवत. मागच्या खोलीत, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून जावईबापू त्यांना उत्तरं देत. सासरे, म्हणजे अप्पा, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. ते आले की दारातून डोकावत, "बसलेत वाटतं" एवढंच म्हणत आणि लेकीशी गप्पा मारायला स्वयंपाकघरात जात. ते दोन शब्द जावईबापूंच्या जिव्हारी लागत.

गेल्या महिन्यात मात्र त्यांचं नशीब उघडलं. अप्पांचा लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला की वायफाय गायब होऊ लागलं. काम नसलं की बॅटरी वाचवायला चिप झोपते; ही एकदा झोपली की उठायचंच नाव घेत नव्हती. जावईबापू सासुरवाडीला जाऊन तीन दिवस त्या लॅपटॉपपुढे ठाण मांडून बसले आणि शेवटी त्यांना तोडगा सापडला. झोपली की उठत नाही ना, मग झोपूच द्यायचं नाही! ड्रायव्हरमध्ये चार ओळी घातल्या आणि वायफाय सुरळीत झालं. अप्पा म्हणाले, "जावई कामाचा निघाला हो." हे वाक्य जावईबापूंनी पुढे महिनाभर पुरवून पुरवून खाल्लं.

त्याच आनंदात त्यांच्या हातून एक आगळीक घडली. तोडगा अप्पांच्या मॉडेलपुरता ठेवायचा, तो त्यांनी ती चिप असलेल्या झाडून सगळ्या लॅपटॉपना लावला. एकाला खोकला म्हणून साऱ्या गावाला काढा पाजला. वर सोबतच्या टिपणात ठोकून दिलं, "याचा कुणालाही त्रास होणार नाही."

पंधरवड्यात पत्रं येऊ लागली. कुणाचा लॅपटॉप पिशवीत तापत होता, कुणाची बॅटरी जेवायच्या आत संपत होती. जावईबापूंचं उत्तर ठरलेलं, "बॅटरी जुनी झाली असेल." घरातही तेच. त्यांची बायको कोर्टाच्या कागदांचे अनुवाद करायची आणि तिथल्या ग्रंथालयात बसायची. त्या अख्ख्या दालनात प्लग दोन, आणि दोन्ही वकिलांनी बळकावलेले. "माझा लॅपटॉप दुपारपर्यंतही तग धरत नाही रे," असं ती आठवडाभर जेवताना सांगत होती.

"बॅटरी बदल," जावईबापू ताटातून मान वर न काढता म्हणायचे.

घड्याळजीची लेक ती, तिने वाद घातला नाही. एक दिवस जुना ड्रायव्हर घालून बॅटरी किती वेळ पुरते ते मोजलं, दुसऱ्या दिवशी नवा घालून. ड्रायव्हरच्या तक्रारी एका जाहीर ईमेल-यादीवर येत; सोमवारी सकाळी तिथे, सगळ्या जगाला दिसेल असं, तिचं पत्र आलं. "माननीय महोदय, जुना ड्रायव्हर, सात तास दहा मिनिटं. नवा, दोन तास पंचावन्न मिनिटं. आपल्या सूचनेप्रमाणे बॅटरी बदललेली नाही, कारण ती चार महिन्यांपूर्वी आपणच आणली होती."

जावईबापू तडक स्वयंपाकघरात गेले. "घरात सांगायचं होतंस ना."

"घरात सांगून झालं. तिथे तू ऐकत नाहीस. इथे तुला उत्तर द्यावं लागतं."

जावईबापू मागच्या खोलीत परतले. चार ओळी काढायला दोन मिनिटं पुरली असती, पण त्यांचा हात धजेना. ओळी गेल्या की अप्पांचं वायफाय जाणार आणि त्याच्याबरोबर ते वाक्यही. निदान अप्पांच्या मॉडेलपुरता तोडगा ठेवता येईल का, हेही त्यांनी मनात घोळवून पाहिलं. पण ड्रायव्हरची नवी आवृत्ती दोन दिवसांवर आली होती आणि घाईने एकदा तोंड पोळलं होतं. या कामातली रीतच अशी की आधी लोकांचा त्रास थांबवायचा, हुशारी मागाहून. शिवाय मागे घेतलेलं काम पुसलं जात नाही. जुन्या फुशारकीशेजारी नवी कबुली कायमची राहते आणि चूक दाखवणाऱ्याचं नाव आभारासह लिहावं लागतं. जावईबापूंनी चारही ओळी काढल्या आणि लिहिलं, "माझा अंदाज चुकला." खाली बायकोचं पूर्ण नाव घातलं, पत्र धाडलं आणि चपला घालून ते अप्पांकडे निघाले.

अप्पा खिडकीशी बसले होते. जावईबापूंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "अप्पा, तुमच्यासाठी केलेलं ते मला मागे घ्यावं लागलं. तुमचं वायफाय पुन्हा जाईल. जरा वेळ द्या, नीट करून देतो."

अप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे आता लॅपटॉप तापायचा नाही?"

"तुमचाही तापत होता?"

"पहिल्या आठवड्यापासून. म्हणून मी तो मिटतच नाही, काम झालं की सरळ बंद करतो. बंद करून चालू केला की वायफाय येतंच, पूर्वीही यायचं."

जावईबापू त्यांच्यासमोर बसले. महिनाभर जपलेलं प्रशस्तिपत्र असं पोकळ निघावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. "मग बोलला का नाहीत?"

अप्पा चष्मा पुसत राहिले. "पंधरा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा माझ्याजवळ तीन दिवस बसलात, जावईबापू. त्यात कुठे खोट काढू?"