रिकामं बंदर

आमच्या माहुलच्या कोळीवाड्यात रीत होती. होडी खाडीत शिरायच्या वेळेला घरची बाई टोपली घेऊन बंदरावर उभी पाहिजे. बंदर रिकामं दिसलं की होडीवाल्यानं समजायचं, गावात कुणीतरी गेलं. मयताच्या दिवशी बाया मासळीला हात लावत नसत.

कर्फ्यू लागला तेव्हा बाबांची होडी दोन दिवस आधीच बाहेर पडली होती. दंगल लांब तिकडे, आणि घरात कोंडलेले आम्ही. सकाळी दोन तास सूट, दूध-भाजीला. भरती दुपारची. भरतीला काय सरकारनं विचारलं होतं, बाई, तुला कधी सोयीचं म्हणून?

दुपारी आईनं टोपली काढली. "नाक्यावर पोलीस हायत, मी मागच्या चिखलातून जाते," म्हणाली. मी दारात आडवी उभी राहिले. आदल्या दिवशी पोलिसांनी एकाच्या डोक्यात काठी घातलेली मी पाहिली होती, आणि आईला दमा, तिला पळताही आलं नसतं. सोळा वर्षांची होते मी, तरी अक्कल पाजळली. "बाबा काय लहान आहेत? उतरतील नि येतील चालत." टोपली हिसकावली आणि माळ्यावर टाकली. आई खाली बसली. बाकीच्या बायाही गेल्या नाहीत.

बाबा चालत आले नाहीत. रिकामं बंदर बघितलं आणि मासळी तशीच टाकून धावत सुटले. त्यांचा भागीदार मागून हाका मारत होता, त्यानंच नंतर सांगितलं. घरात दम्याची बायको. त्यांच्या मनात दुसरं काय येणार?

पोलिसांना मात्र कर्फ्यूत धावणारा माणूस दिसला. गोळीचा आवाज आम्ही घरात ऐकला. गल्लीच्या तोंडाशी पडले होते. मी आधी पोचले. माझा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "कोण गेलं गो?" मागून आई आली. तिला बघून ते जरा हसले. दवाखान्यात न्यायला आम्ही पोलिसांच्या विनवण्या करत होतो, तेवढ्यात संपलं. ते हसू मला अजून झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी गावच्या आणखी तीन होड्या यायच्या होत्या. पोलिसांनी पंचनाम्याला नेलेलं बाबांचं प्रेत अजून परत मिळालं नव्हतं. सुतकातली बाई बंदराकडे फिरकत नाही, पण आईनं माळ्यावरची टोपली स्वतः खाली काढली. मी दारातून बाजूला झाले. या खेपेला ती चिखलातून गेली नाही. नाक्यावरून, पोलिसांच्या समोरून, रस्त्याच्या मधून गेली. एकानं काठी उगारली, तिच्या खांद्यावर एक बसलीही. ती थांबली नाही. मग एकेक दार उघडत गेलं.

भरती आली तेव्हा सगळ्या बाया बंदरावर होत्या. पुढे आई, गुडघाभर पाण्यात, टोपली डोक्यावर, लांबून दिसेल अशी.

त्या दिवशी होड्यांतून उतरलेला एकही माणूस धावला नाही.