रिकामा कॅमेरा

व्हर्लीन टिब्सने समुद्र कधी पाहिला नव्हता. आमच्या डेट्रॉईटला नदी आहे, आणि मार्च सरला तरी तिच्या काठाला बर्फ चिकटलेला असतो. तरीही सोळाव्या वर्षी आमच्या काळ्यांच्या वस्तीतली ही पोर समुद्रकिनाऱ्याची गाणी गायला बसली. गोऱ्या पोरांना तेव्हा वाळूचं वेड लागलं होतं, म्हणून रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला तशीच बारा गाणी हवी होती. व्हर्लीनचा गळा चर्चमध्ये घडलेला. लाटेवरचं गाणंही ती असं म्हणायची, की ऐकणाऱ्याला आपलं मेलेलं माणूस आठवावं.

तिचं मागणं एकच होतं. रेकॉर्डच्या पाकिटावर माझा चेहरा हवा.

आठ गाणी झाल्यावर फोटोचा दिवस ठरला. तिची आई ओडेसा हिने सकाळीच शेगडीवर लोखंडी कंगवा तापवून तिचे केस सरळ केले. कान भाजला, पण पोर हलली नाही. मग नदीतल्या बेटावर, बोचऱ्या वाऱ्यात, बिनबाह्यांच्या पिवळ्या झग्यात ती तासभर हसत उभी राहिली. कॅमेरा खटखट वाजत होता. तिचा कोट हातात धरून लुशियसमामा शेजारी उभा होता. तो कंपनीत बास गिटार वाजवायचा. त्यानेच तिला तिथे गायला नेलं होतं.

जूनमध्ये रेकॉर्ड आली. रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही सगळे चर्चच्या तळघरात जेवायला जमलो, आणि ओडेसाने पाकीट वर धरलं. त्यावर छत्रीखाली सोनेरी केसांचं एक जोडपं बसलं होतं.

"अगं पोरी," चर्चचा कारभार बघणारे म्हातारे डीकन पर्व्हिस म्हणाले, "भलतीच उजळलीस की!"

दोघंतिघं हसली.

"मामा, माझे फोटो वाईट आले का?"

लुशियस कोंबडीचं हाड चघळत राहिला.

"मामा, तुला विचारतेय."

"फोटो नव्हतेच, बाळ. कॅमेऱ्यात रोलच नव्हता."

ओडेसाचा वाढता हात थांबला. "तुला कधी कळलं रे हे?"

"त्याच सकाळी. चार गाणी राहिली होती, ताई. खरं कळलं असतं तर ही गायली असती का?"

"आणि तू माझा कोट धरून उभा होतास," व्हर्लीन म्हणाली.

"थंडी होती ना."

त्या कंपनीची पायरी ती पुन्हा चढली नाही. तीस वर्षं तिने इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घातल्या. रविवारी मात्र गायची, आणि तो गळा ऐकायला दुसऱ्या चर्चची माणसं आमच्याकडे येऊन उभी राहायची.

दर ईस्टरला आमचा सगळ्यांचा फोटो निघतो. फोटोवाला आला की व्हर्लीन पुढे होऊन म्हणायची, "रोल माझ्यासमोर भर." नवखा फोटोवाला हसायचा. मागच्या रांगेत लुशियसमामा आपल्या टोपीकडे बघत उभा राहायचा.