सईचा दम आणि सुंदरीची धाव

आमच्या सईचा दम वाढवायची जबाबदारी मी घेतली होती. ती एका म्हशीने पार पाडली.

सई सातवीत. खेळाच्या सरांनी तिला बजावले होते, "शनिवारी मैदानाला पाच फेऱ्या न थांबता मारल्यास, तरच खो-खोच्या संघात!" ती दुसऱ्याच फेरीत बसायची आणि घरी येऊन रडायची. माझा रडण्यावर विश्वास नाही, वेळापत्रकावर आहे. लवकर उठणे, भिजवलेले हरभरे आणि शाळेपर्यंत पळणे. ती पळणार, मी स्कूटरवरून पुढे राहून वेग ठरवणार. (प्रशिक्षकाने दमून कसे चालेल?)

स्कूटरचा सायलेन्सर तेवढा फुटला होता. ते काम मी 'दिवाळीनंतर' ठेवले होते. तिथेच घोळ झाला! पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मोटारसायकलमागे पळवतात, तेही सायलेन्सर काढलेल्या. शेजारचे तुकामामा दसऱ्यापासून त्यांच्या सुंदरीला त्याच आवाजामागे पळायला शिकवत होते.

शनिवारी सकाळी मी गाडी सुरू केली, तेव्हा सुंदरी नेमकी मोकळी होती. गल्ली हादरली. कोपऱ्यावर पोचते तोच सई ओरडली, "आई, म्हैस आलीया मागं!"

"कारणं सांगू नकोस! पळ!"

मग मागून दणदण पावले वाजू लागली. काय ती ताकद! माझा ऊर भरून आला. "शाब्बास! नाकानं श्वास घे!"

नाकानेच घेत होती. चांगली फुरफुरत.

मी आरशात पाहिले. शिंगे!

"वैनी, गाडी बंद करा की!" तुकामामा लांबून ओरडले.

"आणि ती अंगावर आली म्हंजे?" मी ॲक्सिलरेटर पिळला. सुंदरीला वाटले, चला, खरी शर्यत सुरू!

आमची वरात थेट शाळेच्या मैदानात शिरली. मी स्कूटर तिथेच आडवी टाकली आणि पळत सुटले. ओढणी एकीकडे, चप्पल दुसरीकडे! म्हशीने केव्हाच मागे टाकलेली सई आता माझ्या मागून पळत येत होती. "आई, थांब! म्हैस तुझ्या मागं न्हाई!"

कोण थांबतंय! वळून बघायला तरी कोणाला वेळ! फेरीमागून फेरी झाली. चौथ्या फेरीच्या शेवटी माझे पाय संपले आणि मी मातीत बसकण मारली. तेव्हा दिसले, सुंदरी कधीचीच स्कूटरपाशी उभी राहून हुकाला अडकवलेल्या पिशवीतले सईचे हरभरे खात होती.

सई माझ्याजवळ पोचली. पळता पळताच तिने माझ्याकडे पाहिले, मग सरांकडे पाहिले, मनात हिशेब केला (शेवटी माझीच मुलगी!) आणि मला तिथेच सोडून पाचवी फेरी पूर्ण करायला निघून गेली.

सरांनी शिट्टी वाजवली. "सई संघात!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमची एक राहिली की!"

सुंदरी दमली असेल म्हणून तुकामामांनी टेम्पो मागवला होता. तिने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ऐटीत चालत घरी गेली.

टेम्पोत मला घातले.