दामाजीची होडी

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात मंजुळाच्या घरी कॉम्प्युटरवर चालणारी एम्ब्रॉयडरी मशीन आली, तेव्हा अर्धा वाडा दारात गोळा झाला. हात न लावता सुई आपली आपण नाचते आणि कापडावर मोर उमटतो, हे बघून भल्याभल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. 'आता हिला मासळीचा वास कशाला आवडेल,' असं कुचकट बोलणाऱ्याही होत्या. बोलू देत. आईच्या टोपलीमागून दारोदार फिरताना, पोरवयातच मंजुळाच्या मनानं मशीन घेतलेली होती. पुढे पायाच्या मशीनवर वर्षानुवर्षं तिनं पाठ मोडून घेतली. नवरा चंदू याची वागळे इस्टेटमधली नोकरी गेली, तेव्हा कंपनीनं हातावर ठेवलं ते त्यानं रिक्षा घ्यायचं मनातल्या मनात ठेवून बायकोच्या मशीनला दिलं. असे नवरे थोडे असतात, आणि असतात त्यांचं कुणी कौतुक करत नाही.

मशीन आली म्हणजे सगळं आलं, असं तिला वाटलं होतं. पण मशीनला नक्षी लागते आणि ती नक्षी फ्लॉपीत भरून आणावी लागते, हे नंतर कळलं. डोंबिवलीचा पोपट हे काम करायचा. कागदावरचं चित्र तो कॉम्प्युटरवर टाका टाका करून उतरवायचा आणि फ्लॉपी हातात देताना दर वेळी बजावायचा, "ताई, ऊन नको, ओल नको, चुंबक तर आसपास पण नको. आणि प्रत्येकीची दुसरी कॉपी काढून वेगळ्या जागी ठेवायची. नंतर रडत आलात तर मी काय करणार?"

मंजुळाचे आईबाप तिच्याकडेच राहायला होते. बाप दामाजी हाडाचा कोळी. पण खाडीत कारखान्यांचं पाणी उतरलं, मासळी मेली, आणि त्याची होडी काठावर पडून पडून कुजली. कुजताना तिच्याकडे बघवेना म्हणून म्हातारा खाडीची वाट टाळायला लागला. होडीचा साधा फोटोही कुणी काढून ठेवला नव्हता. मशीनवर मोर आणि कमळं उमटताना तो तासन्‌तास बघत बसायचा. एका दुपारी त्यानं कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलनं आपली होडी काढली. हात थरथरायचा, त्यामुळे एक रेघ म्हणून सरळ नव्हती.

"ही काढ गो बाय तुज्या मशनीवर," तो म्हणाला.

मंजुळानं ते पान पोपटाकडे दिलं, तर त्यानं आपल्या हुशारीनं सगळ्या रेघा सरळ करून दिल्या. मंजुळा तशीच त्याच्या अंगावर गेली. "तुला सरळ करायला कोणी सांगितलेलं? बाबांनी काढली तशीच पायजे. वाकडी तर वाकडी." पोपटानं कपाळाला हात लावला, पण पुन्हा बसून थरथरीसकट होडी भरून दिली, दोन फ्लॉप्यांवर.

मग लग्नसराई आली. ब्लाऊजांचा ढीग पडला, त्यामागून शाळांचे बिल्ले आले. दामाजी रोज विचारायचा, "कवा काढतेस माजी होरी?" आणि मंजुळा मान वर न करता म्हणायची, "एवढी ऑर्डर जाऊ द्या, बाबा." लोकांच्या ऑर्डरी कधी संपतात का? होळी झाली आणि दामाजी गेला. कापडावरची होडी त्यानं बघितली नाही, ती नाहीच.

त्यानंतर मंजुळाचा त्या फ्लॉप्यांना हात लावायचा धीर होईना. जपल्या मात्र तळहाताच्या फोडासारख्या. एक मशीनजवळच्या डब्यात ठेवली आणि दुसरी घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी, देव्हाऱ्यात, एकवीरेच्या तसबिरीमागे. आईला, दगडाबाईला, तिनं सांगून ठेवलं, "आये, यात बाबांची होरी आहे. सांभाळ."

पुढच्या साली नारळी पौर्णिमा जवळ आली, तेव्हा तिनं मन घट्ट केलं. मानाच्या नारळाखाली घालायचं वस्त्र यंदा आपण द्यायचं, त्यावर बाबांची होडी काढायची आणि त्यांना एकदाचं खाडीवर न्यायचं. टेंभी नाक्याजवळून लाल मखमल आणली. डब्यातली फ्लॉपी काढली तर आत बुरशीचे डाग. मशीन ती घेईना. तरी मंजुळा घाबरली नाही. दुसरी होती ना, देवाजवळ!

ती तिनं तसबिरीमागून काढली. फ्लॉपीचं पत्र्याचं दार उघडंच अडकलं होतं. आत काळ्या तबकडीवर हळदकुंकू आणि वाळलेल्या दुधाचं पुट.

"आये! हे काय केलंस?"

दगडाबाई कावरीबावरी झाली. "मागल्या साली नारली पुनवेला पूजा केली गो. तूच बोललीस ना, यात होरी हाय. तुजा बापूस दर पुनवेला होरीला हलद-दूद लावल्याबिगर रायचा नाय. तो गेला, मंग कोन लावनार? दार होतं बारकं, उघरलं नि आतमंदी लावली." म्हातारी पदरानं तबकडी पुसायला लागली. "चुकलं का माजं?"

दसऱ्याला मशीनच्या पूजेत हळद आत जाऊ नये म्हणून तिनं स्वतः उभं राहून आईचा हात आवरला होता. देव्हाऱ्यात आईचा हात कोण आवरणार? तिनं पोपटाकडे धाव घेतली. त्यानं दुकान शीळफाट्याकडे हलवलं होतं, जुना कॉम्प्युटर विकला होता आणि त्याच्याकडेच राहिलेलं कॅलेंडरचं ते पान हलवाहलवीत कधीच गेलं होतं. "ताई, मी बोललेलो ना," एवढंच तो म्हणाला.

घरी येऊन तिनं मखमल जमिनीवर पसरली आणि खडू घेतला. दगडाबाई शेजारी टेकली. मंजुळानं होडीची नाळ, पुढचं टोक, काढली. "जरा वर घे," म्हातारी म्हणाली. डोलकाठी झाली, शीड झालं. सगळं जागच्या जागी बसलं. दगडाबाईला एवढं आठवत होतं की तिच्या बोलण्यावरून सुतारानं होडी बांधली असती.

पण रेघ सरळ येत होती. मंजुळानं ती पुसली, मुद्दाम हात हलवून पुन्हा काढली. आता ती नुसतीच वाकडी आली. तिनं पुन्हा पुसली, डोळे मिटून काढली. एवढ्या वर्षांच्या कामानं पक्का झालेला हात. तो थरथरायला तयार होईना.

दगडाबाई मखमलीवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "होरी चांगली हाय गो बाय. पन ही तुज्या बापसाची नाय."